खिडकीचे पैसे, भिंतीचा शेजार: नव्या विमानांतले अकरा महिने

परवा तिसऱ्यांदा खिडकीचे पैसे भरून भिंतीशेजारी बसलो, तेव्हाच ठरवलं की आता लिहायचंच. विमान कंपनीचं नाव लिहीत नाही. तक्रार अजून त्यांच्याकडे पडून आहे आणि मला माझे साडेतीनशे रुपये परत हवे आहेत.

माझं भोसरीत छोटं वर्कशॉप आहे आणि मोठं गिऱ्हाईक मानेसरला. महिन्यातून एकदा सकाळच्या विमानानं दिल्ली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत पुणे. आठ वर्षं हेच चाललंय. एअरबसच्या जुन्या ए-३२० विमानात माझी सीट ठरलेली होती, २३ ए. पंखाच्या मागे, डाव्या हाताला. सकाळी उत्तरेला जाताना डावी बाजू पश्चिमेकडे असते आणि संध्याकाळी दक्षिणेला येताना पूर्वेकडे, म्हणजे दोन्ही वेळा ऊन पलीकडच्या एफवाल्यांच्या तोंडावर. हे गणित मी तिसऱ्या-चौथ्या फेरीतच बसवलं होतं.

दुसरं कारण तापी. मी मूळचा शिंदखेडा तालुक्यातला. पुण्याहून सुटल्यावर साधारण अर्ध्या तासानं, आकाश मोकळं असेल आणि वैमानिकानं नेहमीची वाट धरली असेल, तर सुलवाड्याच्या बॅरेजमागचं पाणी खाली लखकन चमकतं. मिनिट-दीड मिनिट, मग सातपुडा सुरू. त्या दीड मिनिटाचे मी साडेतीनशे भरतो. जेवणाचे कधी भरत नाही, घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेतो.

गेल्या वर्षी कंपनीनं या वेळेचं जुनं विमान काढून एअरबसचंच नव्या इंजिनांचं ए-३२१ निओ लावलं. आपल्याकडे सध्या विमानांची खरेदी घाऊक बाजारासारखी चालली आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये एअर इंडियानं ४७० विमानांची घोषणा केली, जूनमध्ये इंडिगोनं ५०० सांगितली, जानेवारी २०२४ मध्ये अकासानं १५०. प्रत्येक बातमीत एकच कौतुक: नवी इंजिनं १५ ते २० टक्के इंधन वाचवतात. तिकीट किती टक्के उतरलं, ते मात्र कुठे छापून आलेलं नाही. माझ्या खिशाला तरी फरक पडला नाही.

पहिल्या फेरीला उत्साहानं गेलो. ए-३२१ लांब असतं, त्यामुळे २३ नंबर पंखावर येणार हे धरून दोन-चार ओळी मागे सरकलो. ॲपमधल्या नकाशात चौकोन होता, चौकोनाला खिडकीचा दर होता, भरला. आत जाऊन बसलो तर उजव्या हाताला माणूस आणि डाव्या हाताला पांढरी भिंत. खिडकी एक मागच्याच्या खांद्याशी, एक पुढच्याच्या कपाळाशी. मधला सगळा प्लास्टिकचा पत्रा माझा.

क्रूमधल्या मुलीला बोलावलं. ती नम्रपणे म्हणाली, "सर, ये सीट विंडो कॅटेगरी में है." मी म्हटलं, कॅटेगरीत आहे ना, मग सीटला कुठं आहे? ती हसली. तिचा काही दोष नव्हता, विमान पूर्ण भरलेलं होतं. तापी त्या दिवशी मागच्या सीटवरच्या पोरानं बघितली असेल, किंवा नसेलही. तो मोबाइलमध्ये होता.

आता पेशाच पडला मापाचा, तेव्हा स्वस्थ बसवेना. मेजर टेप केबिन बॅगेत ठेवायची सोय नाही, सुरक्षा तपासणीत उगाच वाद. पण माझी वीत बरोबर नऊ इंचाची आहे, वर्कशॉपमध्ये तपासलेली. खिडकीच्या मध्यापासून पुढच्या खिडकीच्या मध्यापर्यंत भरलं दोन वीत चार बोटं, म्हणजे २१ इंच. विमानाच्या सांगाड्याच्या कड्या तेवढ्या अंतरावर असतात आणि दोन कड्यांच्या मध्ये एक खिडकी. ते अंतर कारखान्यात ठरतं, कंपनीला हलवता येत नाही. सीट मात्र खाली रुळांवर बसवलेल्या असतात, हव्या तेवढ्या मागे-पुढे सरकवता येतात. सीट ते सीट अंतर भरलं तीन वीत दीड बोट, २८ इंचांच्या जरासं वर. आता २१ आणि २८ चा मेळ घाला: तीन रांगा आणि चार खिडक्या झाल्या की पुन्हा जुळतं, मधल्यांनी मान वाकडी करायची. ही झाली रोजची तडजोड. माझ्या सीटचं दुखणं वेगळं. पंखामागच्या दाराच्या चौकटीजवळ सांगाडा भक्कम ठेवावा लागतो, तिथं खिडकी कापतच नाहीत. म्हणजे ही भिंत कंपनीला पहिल्या दिवसापासून माहीत होती. तरी चौकोनावर दर लावला!

हे दुखणं फक्त एअरबसचं नाही. बोइंग ७३७ मध्ये एसीची हवा पोटातून छताकडे नेणारी नळी भिंतीतून जाते, म्हणून पंखाच्या पुढे डाव्या बाजूला एक खिडकीच गाळलेली असते. अमेरिकेत तर ऑगस्ट २०२५ मध्ये डेल्टा आणि युनायटेड या दोन कंपन्यांवर प्रवाशांनी याच कारणासाठी दावे लावले: खिडकीचे पैसे घेतले आणि भिंत दिली. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अहो, तिथं बसलेत वाटतं तुमच्यासारखे."

असो. भिंत सोडून बाकीचं.

दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत राग जरा उतरला आणि विमान दिसायला लागलं. आवाज खरंच कमी. जुन्यात पंखामागे बसलं की उतरल्यावर तासभर कान भरलेले असायचे. यात शेजारचा माणूस घोरतो तेसुद्धा स्वच्छ ऐकू येतं. डोक्यावरचे कप्पे मोठे, बॅग उभी राहते, त्यामुळे दारात "ये बॅग नीचे जायेगा" ही कटकट संपली. चार्जिंगचं भोक आहे आणि ते चालतं. सीट पातळ आहे, मागे कलत नाही. तास-सव्वा तास छान, मग पाठ विचारते की ही फळी कुणी बसवली. माणसं जास्त असल्यामुळे दिल्लीत उतरताना मागच्या ओळीतल्याला पंधरा-वीस मिनिटं उभं राहावं लागतं. या लांबीच्या विमानात जास्तीत जास्त २४४ माणसं बसवायला मान्यता आहे आणि शिडी लावतात बहुतेक वेळा पुढेच. पण एकूण, मनातल्या मनात मी चार तारे द्यायला आलो होतो.

मग एका महिन्यात जुनं विमान परत आलं. आदल्या रात्री मेसेज: तांत्रिक कारणामुळे विमानात बदल. यामागची गोष्ट तुम्ही वाचली असेलच. जुलै २०२३ मध्ये प्रॅट अँड व्हिटनीच्या निओ इंजिनांमधल्या धातूच्या भुकटीत खोट निघाली आणि तपासणीसाठी जगभर इंजिनं उतरवावी लागली. गो फर्स्टनं त्याच्या दोन महिने आधीच याच कंपनीच्या इंजिनांकडे बोट दाखवून दिवाळखोरीचा अर्ज केला होता. नवी कोरी विमानं इंजिनाविना उभी आणि म्हातारी विमानं पुन्हा कामावर, असा तो संसार.

मला काय, आनंदच. २३ ए मिळाली. पूर्ण खिडकी, बरोबर खांद्याशी. आणि मग सुटण्याआधी खालून ते जुनं ओळखीचं कुत्रं भुंकलं. ए-३२० वाल्यांना माहीत आहे. एकाच इंजिनावर असताना दोन बाजूंचा हायड्रॉलिक दाब सारखा करणारा पंप तसा आवाज करतो. पूर्वी मला त्या भुंकण्याची मजा वाटायची. या वेळी कपाळावर आठी आली. एसीतून वाफ, वाचायचा दिवा लोंबकळलेला, घरघर इतकी की शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागत होतं. तापी दिसली, अगदी झकास दिसली, पण पोचलो तेव्हा डोकं ठणकत होतं आणि मानेसरच्या मीटिंगमध्ये मी एका रेटवर उगाच हो म्हणून बसलो. तो तोटा साडेतीनशेच्या कितीतरी पट होता. आठ वर्षं मी हीच घरघर ऐकत होतो आणि मला ते कळलंच नव्हतं. नव्याची सवय लागल्यावर जुन्याचा त्रास समजला.

म्हणून विमानाला पैकीच्या पैकी देतो. विकणाऱ्याला शून्य.

कारण पत्रव्यवहार बघा. पहिला ईमेल: फोटो जोडला, बोर्डिंग पास जोडला, भिंत लाल गोलात दाखवली. उत्तर: "आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत." दुसरा ईमेल: उत्तर आलं की नकाशा केवळ मार्गदर्शनासाठी आहे. तिसऱ्याला उत्तर, की खिडकीची सीट म्हणजे बाजूची सीट, दृश्याची हमी कंपनी देत नाही. दृश्य मी मागितलंच नव्हतं. ढग असले तर मी कधी पैसे मागितलेत का? मध्यंतरी लोहगावहून सुटताना पडदे खाली करायला लावायचे. हवाई दलाचा तळ आहे, कारण पटण्यासारखं आहे. तेव्हाही मी चकार शब्द काढला नाही. मला काच हवी आहे. बायकोचं म्हणणं, इतक्या वेळात दोन कोटेशन तयार झाली असती. बरोबर आहे. पण कोटेशनमध्ये मी पत्र्याला काच लिहून पाठवलं असतं तर गिऱ्हाईकानं मला दारात उभं केलं असतं का?

ज्यांना पुणे-दिल्ली करायचं आहे त्यांच्यासाठी: बुकिंग करताना नुसता मार्ग बघू नका, विमानाचा प्रकार बघा, तो तिकिटाच्या तपशिलात बारीक अक्षरात असतो. ए-३२१ असेल तर पंखामागच्या दाराच्या लगतची ओळ घेऊ नका, तीन ओळी मागे जा. जाताना ए, येताना ए. दशम्या आतल्या खिशात.

ताजी भर: हे लिहून ठेवलं आणि चौथ्या दिवशी कंपनीचा मेल आला. साडेतीनशेचं व्हाउचर, सहा महिन्यांची मुदत, फक्त सीट निवडण्यासाठी वापरता येईल. वापरलं. नकाशा मोठा करून, ओळी मोजून, दारापासून चौथी ओळ घेतली. काल रात्री मेसेज आला: विमानात बदल झाल्यामुळे आपली नवी सीट १४ बी.