घराजवळचं पोळी-भाजी केंद्र : श्रावण ते चैत्र वापरून झाल्यावर

पुण्यात पोळी-भाजी केंद्र शोधावं लागत नाही, दोन-चार गल्ल्यांत एखादं असतंच. पण रोज ज्याच्या भरवशावर राहता येईल असं केंद्र सापडणं अवघड. गेल्या श्रावणापासून आमच्या घरी आठवड्यातले चार-पाच दिवस एकाच ठिकाणची पोळी-भाजी येते. दुकानाचं नाव लिहीत नाही. खाली तक्रारीही आहेत, आणि दुकान इतकं छोटं आहे की नावानिशी लिहिलं तर उगाच त्रास व्हायचा. शिवाय बहुतेक पोळी-भाजी केंद्रांचं चालतं ते साधारण असंच, त्यामुळे तुमच्या घराजवळच्या केंद्रालाही यातलं बरंचसं लागू पडेल.

माझं मत आधीच सांगते. पोळी उत्तम. उसळी त्याहून उत्तम. पालेभाजी घ्यायची तर दुपारीच. भात घेऊ नका. आणि तिथे कोणत्या वारी काय होतं आणि का होतं, हे कळल्याशिवाय त्या दुकानाचा खरा फायदा मिळत नाही. सुरुवातीला आम्ही मनात येईल ती भाजी मागायचो आणि निम्म्या वेळा रिकाम्या हाताने परत यायचो. आता वार बघून जातो.

वारांचं गणित मंडईवर ठरतं. पुण्याच्या घाऊक बाजारात, म्हणजे मार्केट यार्डात, भाजीपाल्याचा बाजार शनिवारी बंद असतो आणि रविवारी आवक मोठी असते. त्यामुळे सोमवारी इथे पालेभाजी हमखास असते. पालक, अळू, चाकवत, मेथी यांपैकी जे चांगलं मिळेल ते. अळूची पातळ भाजी तर मी सोडतच नाही. त्यात चणाडाळ, शेंगदाणे, मुळ्याच्या चकत्या सगळं असतं आणि चिंच-गुळाचं प्रमाण कधी चुकत नाही. सासूबाईंना दातांमुळे कोरडी भाजी चावत नाही, त्यांच्यासाठी सोमवारची ही पातळ भाजी फार सोयीची पडते. मंगळवारी फ्लॉवर-बटाटा, कोबी, दुधी असल्या रोजच्या भाज्या. त्यांच्याबद्दल विशेष सांगण्यासारखं काही नाही, घरच्यासारख्या असतात. बुधवारी भरली वांगी. वांगी बेताची घेतात, देठ ठेवून चिरतात, मसाल्यात दाण्याचं कूट आणि सुकं खोबरं दोन्ही असतं. तेल मात्र जास्त. याबद्दल पुढे लिहिते.

गुरुवारी कधी कधी आमच्या भागात दुरुस्तीच्या कामासाठी पाणी बंद असतं. ते जाहीर झालं की त्या दिवशी पदार्थ कमी होतात. पालेभाजी धुवायला पाणी लागतं, म्हणून ती करतच नाहीत. पिठलं, बटाट्याच्या काचऱ्या, आमटी एवढ्यावर भागवतात. मला हे पटतं. कमी पाण्यात धुतलेल्या मेथीपेक्षा पिठलं केव्हाही बरं.

शुक्रवारची डाळिंबी उसळ हे या दुकानाचं वैभव आहे. वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. नोकरी करणाऱ्या घरात हे काम कुणी करत नाही, वेळच नसतो. इथे बुधवारी वाल भिजतात आणि शुक्रवारी सकाळी दोन मावशी परातीशी बसून ते सोलतात. दुकानाच्या मागच्या दारातून दिसतं. दाणा अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून दाबला की पांढरी डाळिंबी परातीत उडते आणि साल हातात राहते. उसळीत दाणे अख्खे राहतात, गिच्च गोळा होत नाही. नारळ, गूळ, आमसूल, वरून कोथिंबीर. वालाचा किंचित कडवटपणा जिभेवर राहतो, तो घालवायचा प्रयत्न त्या करत नाहीत, ते बरंच आहे. साडेबारापर्यंत पातेलं रिकामं होतं. मी गुरुवारी संध्याकाळीच सांगून ठेवते.

शनिवारी बाजार बंद, म्हणून झुणका-भाकरी, सोबत हिरव्या मिरचीचा ठेचा आणि कच्चा कांदा. भाकरी मालदांडी ज्वारीची, हातावर थापलेली. ही मात्र तिथल्या तिथे किंवा घरी पोचताच खायची. दोन तासांनी ती कडक होते, मग दूध किंवा आमटीत कुस्करण्यापलीकडे तिचा उपयोग नाही. भाकरी संध्याकाळी नसते.

रविवारी फक्त दुपारपर्यंत दुकान असतं आणि मसालेभात-मठ्ठा-टोमॅटोचं सार असा बेत असतो. गोड म्हणून शिरा. मसालेभातात तोंडली आणि मटार, गोडा मसाला घरचा, वर ओलं खोबरं. तूप वेगळ्या वाटीत देतात. वर लिहिलेला भात न घेण्याचा सल्ला या मसालेभाताला लागू नाही, कारण तो पातेल्यातून थेट डब्यात पडतो. रोजचा साधा भात मात्र सकाळी दहाला होतो आणि दीडपर्यंत झाकून नुसताच बाहेर राहतो. शिजवलेलं अन्न गरम ठेवायचं तर ६० अंश सेल्सिअसच्या वर, नाहीतर ५ अंशांच्या खाली, हा अन्नसुरक्षेचा साधा नियम आहे. भाताच्या बाबतीत तो जास्तच पाळावा लागतो. बॅसिलस सिरिअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू भात शिजल्यावरही जिवंत राहतात आणि भात कोमट राहिला की वाढतात. मग तो पुन्हा गरम करूनही उपयोग नसतो, कारण तयार झालेलं विष उष्णतेला दाद देत नाही. आम्हाला त्रास झालेला नाही, पण उन्हाळ्यात ही जोखीम का घ्यायची? कुकर लावायला वीस मिनिटं लागतात. हे मी दुकान चालवणाऱ्या काकूंनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "खरंय ताई, पण डबा लावलेल्या मुलांना भात लागतोच." त्यांनी आता निदान दोनदा थोडाथोडा भात लावायला सुरुवात केली आहे, याचं मला खरंच कौतुक वाटलं.

आता पोळी. ही घडीची पोळी आहे, फुलका नाही. गोळा लाटायचा, तेलाचं बोट फिरवायचं, पीठ भुरभुरवायचं, दुमडून त्रिकोणी घडी करायची आणि पुन्हा लाटायची. तव्यावर ती फुगते तेव्हा पदर सुटतात. गहू लोकवन, दळून आणलेला. तयार पिठाची पिशवी तिथे मी पाहिलेली नाही. सकाळची पोळी रात्री नऊला खाल्ली तरी मऊ असते. याचं श्रेय कणकेत जितकं आहे तितकंच ती कशी नेता यालाही आहे. गरम पोळ्या पिशवीत कोंबल्या की वाफेने घाम फुटतो आणि खालच्या दोन-तीन चिकट होतात. स्टीलचा डबा न्या, तळाशी आणि वर सुती फडकं ठेवा, झाकण पाच मिनिटं अर्धवट उघडं ठेवा. डबा नेला की काकू खूश होतात. पातळ भाजी दुकानातून दिली जाते ती पातळ प्लास्टिकच्या डब्यांतून, झाकणातून आमटी गळते. २०१८ साली राज्यात प्लास्टिकबंदी आली, पिशव्यांच्या जागी कागद आला, पण पातळ पदार्थांचा प्रश्न अजून तसाच आहे. त्यावर आपला डबा हाच उपाय.

पोळ्या दुपारी दीडला आणि रात्री साडेआठला बंद होतात, मग मागणी कितीही असो. यावरून गिऱ्हाइकांची कुरबुर चालते. मला ती पटत नाही. लाटणाऱ्या आणि भाजणाऱ्या मावशींना पोळीमागे पैसे मिळतात, उन्हाळ्यात त्या तव्यासमोर तासन्‌तास उभ्या असतात, आणि त्यांच्या घरीही कुणीतरी जेवायचं थांबलेलं असतं. बायकांच्या या कष्टांची किंमत आपल्याकडे फार उशिरा कळली. मुंबईच्या गिरणगावात कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायका सावकाराच्या कर्जात बुडालेल्या असायच्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं करून त्यांना बँकेचं कर्ज मिळण्याची वाट करून दिली. आपल्या गल्लीतलं केंद्रही अशाच हातांवर उभं असतं. वेळ संपली म्हणून पोळी नाही मिळाली तर आदल्या दिवशी फोन करावा. सांगून ठेवलेल्या पोळ्या त्या कधीच दुसऱ्याला देत नाहीत.

सणावारांनी दुकानाचा चेहराच बदलतो, आणि मला हा भाग सगळ्यात आवडला. श्रावणात दोन पातेली वेगळी असतात, कांदा-लसणाचं आणि त्याशिवायचं, डावही वेगळे. नागपंचमीला बऱ्याच घरांत तवा ठेवत नाहीत आणि चिरतही नाहीत, म्हणून त्या दिवशी पुरणाची दिंडं उकडून विकायला होती. गणपतीत उकडीचे मोदक फक्त आगाऊ नोंदणीवर. आमच्या डब्यातल्या मोदकांना कळ्या नीट होत्या, पारी पातळ होती, दोन मात्र फुटलेले निघाले. ऋषिपंचमीची भाजी पहिल्यांदाच घरी न करता खाल्ली आणि सासूबाईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतली. दिवाळीच्या फराळात चकली चांगली, अनारसे उत्तम, चिवडा बेताचा. भोगीला मात्र त्यांनी कमाल केली: पावटा, ओला हरभरा, गाजर, वांगं, बोरं, तिळाचं कूट घालून लेकुरवाळी भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी, सोबत लोण्याचा गोळा. सध्या चैत्र आहे, तर आंबेडाळ आणि पन्हं चालू आहे. आंबेडाळीत फोडणी वरून घालतात, डाळ भरड असते, अगदी हवी तशी.

तक्रारी आता सलग सांगते. भरली वांगी आणि बटाट्याच्या भाजीवर तेलाचा तवंग असतो. आम्ही घरी चमच्याने काढून टाकतो. आमटी गोडसर असते, ज्यांना गूळ चालत नाही त्यांनी आधी चव बघून घ्यावी. पावसाळ्यात भाज्या महागल्या की बटाटा प्रत्येक भाजीत शिरतो, सलग आठवडाभर तेच झालं तेव्हा कंटाळा आला. रविवारी मदतीला वेगळ्या बाई असतात, त्या दिवशी मीठ वर-खाली होतं. साडेअकरा ते एक फोन उचलत नाहीत. आणि दर वाढले. व्यावसायिक गॅसच्या १९ किलोच्या सिलिंडरचे दर महिन्याच्या १ तारखेला बदलतात, तेलाचे दरही वर-खाली होत असतात, त्यामुळे वाढ समजू शकते. पण ती फळ्यावर चार दिवस आधी लिहिली असती तर बरं झालं असतं. पैसे देताना कळलं.

स्वच्छतेबद्दल नक्की विचारलं जाईल म्हणून लिहिते. अन्नसुरक्षा नोंदणीचा (FSSAI) १४ अंकी क्रमांक भिंतीवर लावलेला आहे आणि बिलावरही छापलेला आहे. २०२२पासून तो बिलावर असणं बंधनकारक आहे, तेव्हा तुमच्या केंद्राच्या बिलावर नसेल तर विचारा. ओटा पुसलेला असतो, कणीक झाकलेली असते. तळणाचं तेल काळं झालेलं मला कधी दिसलं नाही, तसं इथे तळण कमीच असतं.

पण मी तिथे टिकून राहिले ती काकूंच्या सरळपणामुळे. थंडीत एकदा मी घेवड्याची भाजी मागितली. त्यांनी डाव उचलला, भाजीकडे बघितलं आणि परत ठेवला. "ताई, आज घेवडा जून निघालाय, दोरा राहतोय तोंडात. आज पिठलं न्या." मागे माणसं उभी होती, त्यांनाही ते ऐकू गेलं. काकांनी लगेच फळ्यावरचा घेवडा पुसून टाकला. उरलेली भाजी त्या रात्री खपवता आली असती, पण फळ्यावरून ती गेली ती गेलीच. दुसऱ्या दिवशी जुनी भाजी फोडणी देऊन नव्या नावाने येते, असंही इथे होत नाही. मोजकंच करतात, संपलं की पातेलं घासायला जातं.

एकटे राहणारे, दोघंही नोकरी करणारे, किंवा घरात म्हातारं माणूस असलेले, यांनी अशा केंद्राचा जरूर विचार करावा. ज्यांना रोज रात्री दहाला गरम जेवण हवंय किंवा आयत्या वेळी वीस माणसांचा स्वयंपाक हवाय, त्यांचं इथे जमणार नाही. पहिल्यांदा घेणार असाल तर शुक्रवारी घ्या: गुरुवारी संध्याकाळी सातच्या आत फोन करून पाव किलो डाळिंब्या आणि माणशी तीन पोळ्या सांगून ठेवा, शुक्रवारी बाराच्या आधी घरचा डबा घेऊन जा, आणि कुकर तेवढा घरी लावा. आमच्याकडे त्यातली निम्मी उसळ मुद्दाम रात्रीसाठी ठेवतात, मुरल्यावर ती आणखी चांगली लागते.