पर्ल जॅमचा 'टेन': जुना मिक्स की रीडक्स? मे ते डिसेंबर ऐकून

कूलर चालू असला की 'टेन'चा एक मिक्स (वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज एकत्र जुळवून केलेलं रूप) चांगला वाटतो, बंद केला की दुसरा. आठ महिने दोन्ही मिक्स आलटून पालटून ऐकल्यावर हाती लागलेली सगळ्यात कामाची गोष्ट हीच, म्हणून ती आधी सांगितली. नागपुरात पर्ल जॅम या अमेरिकन रॉक बँडच्या या पहिल्या अल्बमवरून चाहत्यांचे सरळ दोन तट आहेत. एक म्हणतो १९९१चा जुनाच खरा. दुसरा म्हणतो २००९चा नवा मिक्स, म्हणजे रीडक्स, ऐकल्यावर जुना ऐकवतच नाही. यातलं निम्मं भांडण अल्बमचं नाहीच, ते ऐकण्याच्या खोलीचं आहे.

नवीन लोकांसाठी पार्श्वभूमी. अल्बम १९९१च्या मार्च-एप्रिलमध्ये सिएटलच्या लंडन ब्रिज स्टुडिओत निर्माता रिक पराशरसोबत रेकॉर्ड झाला. मिक्स मात्र जूनमध्ये इंग्लंडमधल्या सरे परगण्यात, रिज फार्म स्टुडिओत टिम पामरने केला आणि गायकाचा आवाज, स्नेअर ड्रम, गिटार सगळ्यांवर सढळ हाताने रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, दिला. २७ ऑगस्टला अल्बम निघाला आणि हळूहळू चढत १९९२मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेला. हा रिव्हर्ब थोडा काढून टाकायला हवा, असं पुढे बँडमधलेच लोक बोलू लागले. बेस वाजवणारा जेफ अ‍ॅमेंट त्यात पुढे होता. मार्च २००९च्या आवृत्तीत ते झालं. दुसऱ्या अल्बमपासून बँडसोबत काम करणाऱ्या ब्रेंडन ओब्रायनने मूळ टेपांवरून नवा मिक्स केला, तोच रीडक्स. दोन सीडींच्या संचात पहिलीवर जुना मिक्स नव्याने मास्टर केलेला (म्हणजे शेवटचा हात फिरवलेला) आहे, दुसरीवर रीडक्स आणि सहा जादा गाणी. या अनुभवात तोच संच वापरला आहे.

तुलना करताना पहिली चूक सगळे करतात ती आवाजाची. रीडक्स मोठ्याने वाजतो. एकच गाणं जरा मोठ्याने वाजलं की कानाला तेच जास्त भरीव, जास्त स्पष्ट वाटतं. हा कानाचा स्वभाव आहे, त्यात कोणाचा दोष नाही. पण बटण न हलवता दोन्ही ऐकून दिलेला निकाल फुकट जातो. कॉम्प्युटरवर ऐकत असाल तर फूबारसारख्या प्लेअरमध्ये दोन्ही अल्बमवर रिप्लेगेन (आवाज समान करायची सोय) चालवा आणि ट्रॅक गेन, म्हणजे गाण्यागणिक समान, निवडा. स्ट्रीमिंग अ‍ॅपमध्ये आवाज समान ठेवायची सोय सेटिंगमध्ये असते, ती चालू करा. साध्या सीडी प्लेअरवर मोबाइलमधलं आवाज मोजायचं अ‍ॅप बसायच्या जागी ठेवा, 'अलाइव्ह'चं धृपद लावा आणि दोन्ही मिक्स ७५ डेसिबलच्या आसपास आणा. अ‍ॅपचा आकडा तंतोतंत खरा नसला तरी चालतो, दोन्ही वेळा तोच आला म्हणजे झालं. डोळे बांधून ओळखायच्या भानगडीत पडू नका, कोणता मिक्स आहे ते पाच सेकंदांत कळतंच. एवढं केल्यावर रीडक्सच्या बाजूचे बरेच लोक निदान चार-पाच गाण्यांत तरी मागे सरकतात.

आता खोली. आपल्याकडे हॉलमध्ये खाली टाइल्स, वर सिमेंटचा स्लॅब, भिंतीवर काही नाही. टाळी वाजवली की 'टण्ण' असा आवाज परत येतो. जुन्या मिक्समध्ये रिव्हर्ब आधीच आहे, त्यावर खोलीचा चढतो आणि गायक एडी वेडर विहिरीतून गातोय असं वाटतं. लोक शिव्या पामरला देतात. स्पीकर आणि बसायची जागा यांच्यामध्ये जाड सतरंजी टाका, समोरासमोरच्या भिंतींपैकी एकीवर रजई किंवा जाड पडदा सोडा, स्पीकर भिंतीपासून किमान फूटभर पुढे ओढा आणि त्यांच्यात जितकं अंतर तितक्याच अंतरावर बसा. टाळीचा टणत्कार गेला की जुना मिक्स उलगडतो. एवढा खटाटोप नको असेल तर वायरचे हेडफोन लावा, खोलीचा प्रश्नच मिटतो.

कूलरचं गणित याहून वेगळं आहे. त्याचा सततचा घरघराट सगळ्या पट्ट्यांत पसरलेला असतो आणि हळू आवाज गिळतो. जुन्या मिक्सचं सौंदर्य सुरांच्या विझत जाणाऱ्या शेपटांत आहे. शेपटं गिळली गेली की उरते ती नुसती गिचमीड. रीडक्समध्ये गायकाचा आवाज पुढे, कोरडा, आवाज दाबून सपाट केलेला, त्यामुळे तो घरघराटातही तग धरतो. खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक मेट्रोतही तेच होतं. म्हणून मे-जूनमध्ये रीडक्स आणि दिवाळीनंतर जुना, असा बदल होणं अगदी स्वाभाविक आहे.

गाण्यांवार बघितलं तर निकाल एकसारखा येत नाही. 'वन्स' आणि 'पोर्च' रीडक्समध्ये सरस. दोन्ही धावती गाणी आहेत, रिव्हर्बमुळे जुन्यात एका फटक्याची शेपटी दुसऱ्यावर पडते. 'ईव्हन फ्लो'मध्ये स्टोन गॉसार्ड आणि माइक मॅक्रेडी यांच्या गिटार रीडक्सने डाव्या-उजव्या बाजूला स्वच्छ वेगळ्या केल्या आहेत. गिटार शिकणाऱ्यांनी हाच मिक्स घ्यावा: गॉसार्डची गिटार ओपन डी ट्यूनिंगमध्ये आहे, म्हणजे जाड तारेपासून डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी. साध्या ट्यूनिंगवर तो रिफ (पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा) बसवायला गेलं की बोटं वेडीवाकडी ताणावी लागतात आणि तरी तो खणखणीतपणा येत नाही. 'जेरेमी'तला अ‍ॅमेंटचा बारा तारांचा बेसही रीडक्समध्ये सुटा ऐकू येतो.

'ओशन्स' मात्र जुन्यातच ऐका. पामरने त्यात मिरपुडीची डबी आणि आग विझवायचं सिलिंडर वाजवून तालाचे आवाज भरले, कारण रिज फार्म आडगावात, वाद्यं भाड्याने आणायची सोय जवळ नव्हती. ते बारीक आवाज त्या ओल्या, पसरलेल्या मिक्समध्ये जसे मुरतात, तसे कोरड्यात मुरत नाहीत. 'ब्लॅक'च्या शेवटी वेडरचा आलाप आणि मॅक्रेडीची गिटार जुन्यात एकमेकांत विरघळतात. रीडक्समध्ये आलाप समोर येतो, शब्दाशब्दाला दाद द्यावी असा, पण दुःख लांब जात जात नाहीसं व्हायला हवं ते होत नाही.

खरा वाद 'रिलीज'वर. हे गाणं वेडरने आपल्या वडिलांना उद्देशून गायलं आहे. ज्या माणसाला तो वडील समजत होता ते सावत्र, आणि खरे वडील कळले तोवर ते गेलेले. रीडक्सवाल्यांचं म्हणणं, इतकं खाजगी बोलणं कानाजवळच हवं. हा मुद्दा हलका नाही. तरी जुनाच पटतो, कारण हाक मारलीय ती समोर नसलेल्या माणसाला, आणि तो पोकळीतला घुमारा त्या हाकेचाच भाग आहे. डिसेंबरात रात्री अकरानंतर, पंखाही बंद असताना, हे एकदा करून बघा.

पहिला अल्बमच फार चकचकीत, पुढचे जास्त खरे, असं म्हणणाराही एक गट आहे. त्यांनी आधी रीडक्स ऐकावा. त्यांची निम्मी तक्रार मिक्सबद्दलच निघते.

रेकॉर्ड घेणाऱ्यांसाठी: २००९च्या दोन रेकॉर्डच्या संचात प्रत्येक मिक्स एकेका रेकॉर्डवर आहे. ५३ मिनिटं दोन बाजूंत, म्हणजे खाचा दाटीने आणि आवाज हळू. पहिल्या बाजूच्या शेवटी, आतल्या वळणावर 'जेरेमी' येतं आणि तिथे गाण्यातला 'स'चा उच्चार फाटतो. सुई नवी असली आणि नीट जुळवलेली असली तर कमी फाटतो, पूर्ण जात नाही. उन्हाळ्यात रेकॉर्ड उभ्याच ठेवा, कूलरच्या झोतात नको, कव्हरला बुरशी धरते. बंद गाडीत तर दुपारी दहा मिनिटंही ठेवू नका, वाकलेली रेकॉर्ड सहजासहजी सरळ होत नाही.

शेवटची सेटिंग: क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात मिसळणं) बंद, गॅपलेस (गाण्यांमध्ये खंड न पडणं) चालू, शफल नको. 'वन्स'च्या आधी जो अंधुक बेसचा तुकडा येतो, तोच 'रिलीज' संपून शांतता पसरल्यावर परत येतो. अल्बम (जादा गाणी वगळून) रिपीटवर ठेवला तर तो तुकडा स्वतःलाच येऊन मिळतो आणि पुन्हा 'वन्स' उसळतं.