रोजमेळाची वही आणि ६७ कोरे दिवस: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दिवाळी पाडव्याला मी डोंबिवली स्टेशनजवळच्या दुकानातून एक जाड लाँगबुक आणलं, त्याला हळदकुंकू लावलं आणि पहिल्याच पानावर कर्ज लिहिलं. क्रेडिट कार्डाचे ९२,०००, भाऊजींचे ४०,०००. आता आठ महिने होऊन गेलेत. वही जवळपास भरत आलीय, कर्ज निम्म्याहून बरंच खाली आलंय. मैत्रिणी विचारतात की रोज खर्च लिहून आणि मधूनमधून ‘बिनखर्चाचा दिवस’ पाळून खरंच काही होतं का. होतं, पण मला वाटलं होतं त्या कारणाने नाही.

आधी कर्जाबद्दल, कारण ते समजल्याशिवाय बाकीचं कळणार नाही. बाबांच्या ऑपरेशनला मेडिक्लेम पुरला नाही. काही रक्कम भाऊजींनी दिली, काही मी कार्डावर टाकली. पुढे मुलाचा लॅपटॉपही कार्डावरच आला. त्यानंतर चौदा महिने मी बिलावरची ‘किमान देय रक्कम’ भरत राहिले आणि आपण वेळेवर भरतोय याचं समाधान मानत राहिले. पाडव्याच्या आदल्या रात्री पहिल्यांदा बिल नीट वाचलं. व्याज महिन्याला साडेतीन टक्के. ९२,००० वर ३,२२०, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी ५८०. मी भरत होते ४,६००, त्यातले ३,८०० व्याज आणि करातच जात होते. मुद्दल कमी व्हायचं जेमतेम ८०० रुपयांनी. शिवाय पूर्ण बिल भरलेलं नसलं की नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, त्या दिवसापासूनच व्याज लागतं. म्हणजे मी कार्डावर किराणा घेत होते तोही व्याजानेच. त्या रात्री मला झोप लागली नाही.

वहीच का, तर आधी मोबाइलवरचं अ‍ॅप वापरून पाहिलं होतं. बँकेचे मेसेज वाचून ते आपोआप खर्च नोंदवायचं. ऐकायला छान, पण रोख खर्च त्याला कळत नाही, नवऱ्याला पाठवलेले पैसेही ते खर्चात धरायचं. सगळ्यात मोठी गळती यूपीआय लाइटची, म्हणजे मोबाइलमधल्या छोट्या पाकिटाची. वडापाव, केळी, शेअर रिक्षा, सगळं मी पिन न टाकता त्यातूनच देत होते, आणि बँकेच्या पासबुकात दिसायचं ते फक्त लाइटमध्ये भरलेले दोन हजार. ते कुठे गेले ते कुठेच नाही. जिथे माझे पैसे खरे जात होते, तोच भाग अ‍ॅपला दिसत नव्हता.

माझे बाबा कल्याणला एका कापडदुकानात दिवाणजी होते. रात्री शिल्लक जुळल्याशिवाय ते पेढीवरून उठत नसत, मग शेवटची गाडी चुकली तरी चालेल. रोजच्या रोज शिल्लक जुळवायचा हा रोजमेळ मी उचलला. उजव्या पानावर नावे म्हणजे खर्च, डाव्या पानावर जमा, आणि खाली शिल्लक: पर्समध्ये किती, खात्यात किती, लाइटमध्ये किती. तिन्हींची बेरीज कालच्या शिल्लकेत आजची जमा मिळवून आजचा खर्च वजा केल्यावर येणाऱ्या आकड्याशी मिळाली पाहिजे. नुसता खर्च लिहिणं आणि मेळ घालणं यात फार फरक आहे. नुसतं लिहिताना माणूस विसरतो आणि विसरलेलं कळतही नाही. मेळ घातला की विसरलेला प्रत्येक रुपया समोर येऊन उभा राहतो.

दुसऱ्याच आठवड्यात १४० रुपये कमी आले. मी तीनदा बेरीज केली, पर्सचे कप्पे उलटे केले, भाजीची पिशवी झटकली. साडेअकरा वाजले. मी लेकावर उगाच चिडलेसुद्धा. मग नवरा आतून म्हणाला, ‘अगं, सकाळी पेपरवाला आला होता, तुझ्या पर्समधूनच दिले.’ ‘पेपर १४०’ असं लिहिलं, शिल्लक जुळली, आणि मला जे हलकं वाटलं ते शब्दात सांगता येत नाही. त्या रात्रीपासून घरात नियम झाला: पर्समधून काढलं तर वहीजवळ चिठ्ठी ठेवायची. आज लेकही ठेवतो, पाच रुपयांच्या पेन्सिलचीसुद्धा.

पहिल्या महिन्याची ‘किरकोळ’ची बेरीज ११,६४० आली. भाडं, फी, किराणा, औषधं सगळं सोडून. लेडीज डब्यात घेतलेल्या क्लिपा, कानातली, चिक्कू, शेंगदाणे. स्टेशनबाहेर उतरल्यावर दमलेल्या जिवाला घेतलेला वडापाव. स्वयंपाकाचा कंटाळा आला म्हणून मागवलेलं जेवण. यातलं एकही चुकीचं नव्हतं. दिवसभर उभं राहून येणाऱ्या बाईने वडापाव खाऊ नये असं मी कुणाला सांगणार नाही. पण सगळं मिळून ११,६४० होतात हे मला माहीत नव्हतं.

आता कोरे दिवस. घरात आम्ही हाच शब्द वापरतो, कारण त्या दिवशी नावेचं पान कोरं राहतं. रेल्वेचा पास, विजेचं बिल, हप्ता असे ठरलेले खर्च धरायचे नाहीत. बाकी एक रुपयाही नाही. पहिल्या महिन्यात चारच जमले आणि तेही फसवे. मंगळवार कोरा ठेवायचा म्हणून सोमवारीच दुप्पट आणून ठेवायची, नाहीतर बुधवारी सगळं भरून काढायची. वहीत ते स्पष्ट दिसत होतं: कोऱ्या पानाच्या दोन्ही बाजूंची पानं गच्च भरलेली.

सुटका झाली ती स्वयंपाकघरातून. कोरा दिवस मोडतो तो संध्याकाळी सात वाजता, भाजी नसते तेव्हा. म्हणून रविवारी रात्री मटकी भिजत घालायला लागले, सोमवारी फडक्यात बांधून ठेवली की मंगळवारी उसळ. कुळथाचं पीठ गावाहून येतंच, ते पूर्वी मागे पडून त्यात अळी व्हायची. आता गुरुवारचं पिठलं त्याचंच. सांडगे, मेतकूट, डांगर, घरात होतंच सगळं. फेब्रुवारीत अठ्ठावीसपैकी बारा दिवस कोरे गेले, आणि तेव्हा शेजारची पानंही हलकी होती. किरकोळ त्या महिन्यात ६,९०० वर आलं. कोऱ्या दिवशी वाचतात ते दोन-तीनशे रुपये. त्या दिवसामुळे अख्ख्या आठवड्याचं नियोजन आपोआप लागतं, ते मोठं.

पण वाचलेला पैसा खात्यात पडून राहिला तर रविवारपर्यंत नाहीसा होतो. दोन आठवडे तसंच झालं. म्हणून रात्री मेळ बसला की लगेच, तिथेच बसून, वाचलेले २००-३०० रुपये कार्डावर भरायचे. कार्डाचं व्याज रोजच्या थकबाकीवर मोजतात, त्यामुळे बिलाच्या तारखेची वाट न पाहता भरलेली छोटी रक्कमही उपयोगी पडते. ठरलेले ८,००० आणि हे सुटे मिळून महिन्याला बारा हजार जायला लागले. कार्ड कपाटात, आणि अ‍ॅपमध्ये साठवलेले त्याचे नंबर काढून टाकले. पहिल्या दोन महिन्यांतच थकबाकी ७५,००० वर आली.

तेव्हा बँकेला विचारून उरलेल्याचे बारा हप्ते करून घेतले, वर्षाला १६ टक्क्यांनी. हप्ता ६,८०५ आणि व्याजावरचा जीएसटी. हे मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं. तुमच्या डोक्यावर कार्डाची थकबाकी फिरत असेल तर वही आणायच्या आधी बँकेला हे विचारा. कितीही कोरे दिवस पाळले तरी बेचाळीस टक्क्यांचं व्याज त्यापेक्षा जोरात धावतं. हप्ते बांधून घेतल्यावर तिथे जादा भरण्यात अर्थ उरला नाही, मुदतीआधी बंद करायला आमच्याकडे ३ टक्के शुल्क आहे. मग रात्रीचे सुटे पैसे वेगळ्या खात्यात टाकून महिनाअखेर ५,००० भाऊजींना द्यायला लागले. मे महिन्यात दोन लग्नांचे आहेर करावे लागले, तेव्हा दोनच हजार जमले.

जे चुकलं तेही सांगते. सलग पाचवा कोरा दिवस होता म्हणून मी रक्तदाबाची गोळी आणायची दुसऱ्या दिवसावर ढकलली आणि ऑफिसात चक्कर आली. असं अजिबात करू नका. औषध, मुलाच्या शाळेतलं काही, अचानक आलेला पाहुणा, कुणाच्या घरचं दुःख, यासाठी दिवस मोडला तर मोडू द्यावा. ऑफिसातल्या एका सहकारी बाईंची आई गेली तेव्हा वर्गणी काढली. त्या दिवशी कोरं पान वाचवायचा विचार माझ्या मनात आला याचं मला फार वाईट वाटलं. लगेच पाचशे दिले आणि वहीत तांबड्या शाईने लिहिले.

लेकाला पहिले दोन महिने जड गेले. मित्र कॅन्टीनला जातात आणि याला आई विचारते, आज कोरा आहे ना? म्हणून त्याचा हातखर्च वेगळा काढला, तो या हिशोबात येत नाही. माझ्या मते मोठ्यांचं कर्ज मोठ्यांनीच फेडावं.

रोज वही लिहायला मला दहा मिनिटं लागतात. ज्यांच्या घरी दोघांचा पगार वेगवेगळ्या खात्यांत असतो आणि एकमेकांना विचारायची सवय नाही, त्यांना मेळ घालणं अवघड जाईल. आधी ते बोलणं व्हावं लागेल. आणि ज्यांची आवक रोजची, कमी-जास्त आहे, त्यांना माझे हे नियम बदलून घ्यावे लागतील.

जूनअखेरची शिल्लक अशी: कार्डाचे सहा हप्ते बाकी, मुद्दल साधारण ३९,०००. भाऊजींचे १३,०००. ते चिपळूणला असतात, ‘घाई नाही वहिनी’ असंच दर वेळी म्हणतात. गणपतीला आम्ही जाऊ तेव्हा शेवटची रक्कम मला त्यांच्या हातात द्यायचीय, आणि वही सोबत न्यायचीय, म्हणजे ती नोंद तिथेच बसून करता येईल.