सेंडाई, पॅरिस की शाश्वत विकास उद्दिष्टे : स्थानिक आराखड्याचा कणा कोणता?

किनारपट्टीवरील नगरपालिकेचा किंवा जिल्ह्याचा आराखडा करायला घेतला की २०१५ मधील तीन जागतिक दस्तऐवज समोर येतात : मार्चमधला आपत्तींचा धोका कमी करण्यासाठीचा सेंडाई आराखडा, सप्टेंबरमधली संयुक्त राष्ट्रांची शाश्वत विकास उद्दिष्टे आणि डिसेंबरमधला हवामान बदलाविषयीचा पॅरिस करार. प्रस्तावनेत तिन्हींचा उल्लेख करून मोकळे होण्याची रीत आहे. मात्र नोंदी कशाच्या ठेवायच्या, हे एकाच दस्तऐवजावरून ठरवावे लागते.

कायदेशीर बंधन पाहिले, तर तिन्हींपैकी पॅरिस हाच खरा करार आहे आणि त्यातही सक्ती आहे ती दर पाच वर्षांनी आपले योगदान, म्हणजे हवामानासाठी देश काय करणार हे, जाहीर करण्याची, ते गाठण्याची नव्हे. भारताने २०२२ मध्ये उत्सर्जनाची तीव्रता (सकल देशांतर्गत उत्पादनाच्या प्रत्येक एककामागे होणारे उत्सर्जन) २०३० पर्यंत २००५ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी घटवण्याचे जाहीर केले. पण हा आकडा देशाचा आहे, नगरपालिकांमध्ये वाटून दिलेला नाही. शिवाय किल्लारीसारखा भूकंप या कराराच्या कक्षेत बसत नाही.

शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टे आणि १६९ लक्ष्ये आहेत. एवढ्या पसाऱ्यात कोणतेही काम कुठे ना कुठे बसवता येते, आणि नेमकी हीच त्यांची अडचण आहे. नीती आयोग २०१८ पासून त्यांवर राज्यांचा निर्देशांक काढतो, त्यामुळे राज्य पातळीवरील अहवालासाठी ती टाळता येणार नाहीत.

सेंडाई आराखडा बंधनकारक नाही, तरीही स्थानिक कामाशी त्याचे जुळते. त्याच्या सात लक्ष्यांपैकी पहिली चार मृत्यू, बाधित लोक, आर्थिक हानी आणि अत्यावश्यक सुविधांचे नुकसान यांविषयी आहेत. जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि रत्नागिरीत पडलेली घरे व मोडलेल्या नारळ-सुपारीच्या बागा यांचे जे पंचनामे झाले, त्यांत यातली बरीच माहिती आपसूक येते; ती वर्षानुसार आणि गावानुसार जुळवून ठेवली की झाले. मात्र मृत्यू आणि बाधितांची तुलना २००५ ते २०१५ च्या सरासरीशी करायची असल्याने जुनी दप्तरेही काढावी लागतील. (याच कामाला सर्वांत जास्त वेळ लागतो.) दर लाख लोकसंख्येमागे मृत, बेपत्ता आणि थेट बाधित किती, हा निर्देशक शाश्वत विकासाच्या पहिल्या, अकराव्या आणि तेराव्या उद्दिष्टांतही तसाच घेतलेला आहे, म्हणजे सेंडाईनुसार ठेवलेली नोंद तिथेही चालते.

निधीचे गणित निराळे आहे. विकसनशील देशांतील हवामानविषयक कामांना पैसा देणारा हरित हवामान निधी पॅरिसच्या चौकटीतला, आणि तो नाबार्डसारख्या मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच मिळतो. त्यासाठी नुकसान हवामान बदलाशी कसे जोडलेले आहे, हे दाखवावे लागते. केवळ वादळ येऊन गेले म्हणून भागत नाही.

म्हणून आपत्तीचा आराखडा असेल तर कणा सेंडाईचा ठेवावा आणि निधीचा प्रस्ताव पॅरिसच्या परिभाषेत वेगळा लिहावा. मुंबईच्या मार्च २०२२ मधील हवामान कृती आराखड्याप्रमाणे २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन गाठण्याचा विचार असेल, तर मात्र पॅरिसपासूनच सुरुवात करणे योग्य.