घरच्या सरावासाठी बॅकिंग ट्रॅक : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेले काही महिने इलेक्ट्रिक गिटारचा माझा घरचा सराव जवळजवळ संपूर्णपणे बॅकिंग ट्रॅकवर, म्हणजे आपले वाद्य वगळून बाकीची साथ वाजवणाऱ्या ध्वनिमुद्रणावर, चालू आहे. या काळात इंटरनेटवरील तयार व्हिडिओ, कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) लिहून दिल्यावर साथ वाजवणारी अ‍ॅप आणि मूळ गाण्यातून वाद्ये वेगळी काढणारी सॉफ्टवेअर असे तिन्ही मार्ग पुरेसे वापरून झाले. निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. जो ट्रॅक ऐकताना भरगच्च आणि देखणा वाटतो, तो सरावाला बहुधा कुचकामी निघतो. आणि जो नुसता ऐकला तर रुक्ष वाटतो, त्यावर हात तयार होतो. भरगच्च साथीत आपला उशिरा पडलेला स्वर कीबोर्ड आणि झांजांच्या गर्दीत लपून जातो आणि छान वाजवल्याचे समाधान तेवढे पदरात पडते. साथीला केवळ बास आणि ड्रम असतील, तर तोच स्वर लगेच उघडा पडतो.

तयार व्हिडिओ अमाप आहेत. खरी अडचण निवडीची आहे. शोधताना पट्टी, लय आणि शैली तिन्ही लिहावीत, उदाहरणार्थ ‘ए मायनर, ८० बीपीएम, स्लो ब्लूज’ (बीपीएम म्हणजे मिनिटाला किती ठोके). नुसते ‘ब्लूज बॅकिंग ट्रॅक’ असे शोधले, तर सर्वाधिक पाहिले गेलेले तेच ते ट्रॅक पुन्हा पुन्हा समोर येतात, आणि ते बहुधा भरगच्चच असतात. ट्रॅक उघडल्यावर पहिली तपासणी एवढीच करावी, की त्यात आधीच कोणी गिटार वाजवत नाही ना. कित्येक ट्रॅकमध्ये दर चार बारनंतर (बार म्हणजे बहुधा चार ठोक्यांचा गट) गिटारचा एखादा देखणा तुकडा पेरलेला असतो, म्हणजे आपल्याला जिथे वाजवायचे असते तीच जागा कोणीतरी अडवून बसलेले असते. सुरुवातीला मोजणी आहे का, कॉर्डची नावे पडद्यावर वेळेवर बदलतात का आणि मध्येच पट्टी बदलते का, हे त्यानंतर पाहावे.

शीर्षकातील पट्टीवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नये. ‘ए मायनर’ असे लिहिलेल्या ट्रॅकमध्ये पुष्कळदा ए मायनर आणि डी मेजर या दोनच कॉर्ड आलटून पालटून येत असतात. डी मेजरमध्ये एफ शार्प असतो, त्यामुळे साधी मायनर स्केल धरून एफवर थांबलो की तो स्वर अर्ध्या सुराने बोचतो. तिथे डोरियन मोडच हवा, म्हणजे मायनर स्केलच, पण सहावा स्वर अर्ध्या सुराने चढा. नवशिक्याला अशा वेळी आपला कानच कच्चा आहे असे वाटू लागते, वस्तुतः तो कान बरोबर सांगत असतो. मेळाचेही तसेच आहे. ‘ए’ या स्वरासाठी ४४० हर्ट्झ ही प्रमाण कंपनसंख्या सर्वत्र गृहीत धरली जाते, पण ४३२ हर्ट्झवर मिळवलेले ट्रॅकही सर्रास आढळतात, आणि हा फरक सुमारे ३२ सेंट, म्हणजे अर्ध्या सुराच्या जवळजवळ एक तृतीयांश भरतो. मोकळी तार ट्रॅकच्या बासशी ताडून पाहिल्यावर हे काही क्षणांत कळते. जुन्या टेपवरून उतरवलेल्या ध्वनिमुद्रणांत वेगातील फरकामुळे पट्टी चढलेली किंवा उतरलेली असू शकते. तिथे गिटार ट्रॅकनुसार मिळवून घेणेच सोयीचे पडते.

लांबीचा विचार फारसा कोणी करत नाही, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. बारा बारचे ब्लूज १२० बीपीएमला २४ सेकंदांत एक फेरी पूर्ण करते, म्हणजे दहा मिनिटांच्या ट्रॅकमध्ये २५ फेऱ्या मिळतात. पहिल्या काही फेऱ्यांत आपल्याला पाठ असलेल्या सर्व युक्त्या संपतात आणि त्यानंतर काहीतरी नवे सुचू लागते. तीन मिनिटांचा ट्रॅक नेमका तिथेच बंद पडतो.

कॉर्डवरून साथ तयार करणाऱ्या साधनांपैकी मी सर्वाधिक वापरले ते आयरियल प्रो. त्यात चाल नसते, केवळ कॉर्ड असतात. शैली, लय आणि पट्टी आपण ठरवायची, आणि बास, ड्रम, पियानो यांचा आवाज स्वतंत्रपणे कमी-जास्त करायचा. प्रत्येक फेरीनंतर लय थोडी वाढवण्याची आणि पट्टी ठरावीक अंतराने बदलण्याची त्यातील सोय तर मला सर्वांत मोलाची वाटते. पट्टी दर फेरीला चौथ्या सुराने (सा ते म एवढ्या अंतराने) सरकवली की बारा फेऱ्यांत बाराही पट्ट्या फिरून होतात आणि बोटांना सवयीच्या पोझिशनवर विसावता येत नाही. हा ध्वनी यांत्रिक आहे यात शंका नाही, पण सरावापुरते ते चालते. खऱ्या वादकांच्या ध्वनीची साथ हवी असणाऱ्यांसाठी पीजी म्युझिकचे १९९० पासून चालत आलेले बँड-इन-अ-बॉक्स आहे. त्यात करता येण्यासारखे पुष्कळ आहे, मात्र ते शिकण्यातच बराच वेळ जातो. स्वरलेखन येत असेल, तर म्यूझस्कोर हे मोफत सॉफ्टवेअरही पुरते : सर्व भाग लिहायचे आणि मिक्सरमध्ये आपला तेवढा बंद करायचा.

गाण्यातून वाद्ये वेगळी काढण्याच्या तंत्रावर थोडे विस्ताराने लिहितो, कारण त्याविषयीच्या अपेक्षा फार वाढलेल्या आहेत. पूर्वी डाव्या चॅनेलमधून उजवा वजा करून मध्यभागी असलेला आवाज घालवत असत; परंतु बास आणि किक ड्रमही बहुधा मध्यभागीच असल्याने गायकाबरोबर तेही जात. संगीत स्ट्रीमिंग कंपनी डीझरने २०१९ मध्ये खुले केलेले स्प्लीटर आणि मेटाच्या संशोधकांचे डेमक्स या साधनांनी चित्र पालटले. त्यांच्या नेहमीच्या चार भागांत गायन, ड्रम, बास आणि ‘इतर’ अशी विभागणी असते, आणि गिटारवादकाची अडचण इथेच सुरू होते, कारण गिटार ‘इतर’मध्ये जाते. ती काढायची म्हटली की कीबोर्ड आणि व्हायोलिनही तिच्यासोबत निघून जातात. डेमक्सच्या सहा भागांच्या आवृत्तीत गिटार वेगळी मिळते, पण तिची सावली गायनाच्या घुमाऱ्यात रेंगाळते आणि हाय-हॅट (ड्रमसंचातील झांजांची जोडी) पाण्याखालून वाजत असल्यासारखी ऐकू येते. म्हणून मी आता उलट करतो : केवळ बास आणि ड्रम ठेवून बाकी सर्व टाकून देतो. हेच दोन भाग सर्वांत स्वच्छ निघतात, आणि प्रत्यक्ष वादकांची लय त्यांत जशीच्या तशी राहते. हे सारे स्वतःच्या सरावापुरते. असे ट्रॅक प्रसारित करायचे झाल्यास हक्कांचा प्रश्न उभा राहतो.

या कामासाठी मी घेतलेल्या एका मासिक वर्गणीच्या अ‍ॅपबद्दल माझी तक्रार आहे. वर्गणी थांबवताच आधी वेगळे केलेले ट्रॅकही कुलूपबंद झाले. तेव्हापासून तयार झालेली प्रत्येक फाइल मी ताबडतोब डब्ल्यूएव्ही स्वरूपात स्वतःच्या डिस्कवर उतरवून घेतो. डब्ल्यूएव्हीचा आग्रह लूपसाठी, म्हणजे तोच तुकडा न थांबता पुन्हा पुन्हा वाजवण्यासाठी आहे. एमपी३ फाइलच्या आरंभी आणि शेवटी संकेतनामुळे (एन्कोडिंगमुळे) किंचित शांतता भरली जाते. अनेक प्लेअर ती वगळत नाहीत आणि चार बारचा लूप प्रत्येक आवर्तनाला अडखळतो. खटका क्षणभराचाच असतो, तरी त्याची सवय झाली की आपलीही लय तिथे नकळत थांबू लागते.

ब्लूटूथ हेडफोनचे दुखणे याच जातीचे आहे. त्यांचा विलंब सहज १५० मिलिसेकंदांच्या घरात जातो, आणि १२० बीपीएमला सोळाव्या भागाचा एक स्वर १२५ मिलिसेकंदांचा असतो. अकूस्टिक वाद्य वाजवताना केवळ ट्रॅक हेडफोनमध्ये येत असेल तर बिघडत नाही, मात्र गिटारचा आवाजही त्याच वाटेने येत असेल तर वाजवणे अशक्य होते. तारेचे हेडफोन वापरावेत.

कमी साथीचे तत्त्व नवे नाही. अमेरिकी जॅझ शिक्षक जेमी एबरसोल्ड यांच्या १९६७ पासूनच्या जॅझ मालिकेत बास एका चॅनेलमध्ये आणि पियानो दुसऱ्यात असे. बॅलन्सचे बटण एका बाजूला फिरवले की बासवादक किंवा पियानोवादक आपापली जागा मोकळी करून घेत असे. आपल्याकडे तानपुरा आणि लेहरा यांचे कामही तेच आहे : तबल्याच्या सरावाला सारंगीवर किंवा हार्मोनियमवर वाजणारी एकच ओळ पुरते. मी गिटारसाठी तीनतालाचा ठेकाही लावून पाहिला. नवव्या मात्रेपासून सुरू होणाऱ्या खालीच्या भागात डग्ग्याचा घुमारा नाहीसा होतो, ती खाली कानाला लागली की सोळा मात्रा मोजत बसावे लागत नाही. लांब तुकडे समेवर आणण्याचा असा सराव मला तयार ब्लूज ट्रॅकमध्ये कधीच मिळाला नव्हता.

सध्या सर्वाधिक वेळ जातो तो ट्रॅकमध्ये शांतता पेरण्यात. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये बास-ड्रमचा ट्रॅक उघडायचा, दर आठ बारांपैकी शेवटचा बार निवडून नि:शब्द करायचा आणि तेवढ्यात वाजवत राहायचे. १०० बीपीएमला एक बार २.४ सेकंदांचा असतो. तो जमला की दोन बार, मग चार, म्हणजे ९.६ सेकंद. ड्रम परत येतात तेव्हा आपण पुढे पळालो की मागे राहिलो, हे पहिल्याच ठोक्याला समजते. माझी धाव बहुतेक वेळा पुढेच असते, विशेषतः वरच्या पट्टीत गेल्यावर. असे ट्रॅक तयार स्वरूपात मला फारसे आढळले नाहीत, आणि सात मात्रांच्या संथ लयीत ब्रशने वाजवलेल्या ड्रमचा लांब ट्रॅक तर शोधूनही सापडला नाही. तो सध्या म्यूझस्कोरमध्ये स्वतःच लिहीत आहे.