'सर, पॅनेल चार्ज व्हायला वेळ लागतो' : इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरच्या सौद्यात मला कसं गंडवलं

सेकंडहँड इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर घेणारे आपल्याकडे मोजकेच, आणि गंडवणाऱ्याला नेमकं तेच सोयीचं पडतं. शेजारी, नात्यात, ऑफिसात कुणाकडे असा जोड नसतो, त्यामुळे धडधाकट जोड कसा वाजतो हे ताडून बघायची सोय नसते. विकणारा सांगेल ते प्रमाण. मुंबईतल्या अशाच एका 'हाय-एंड' विक्रेत्याने माझ्या गळ्यात क्वाड या ब्रिटिश कंपनीच्या ईएसएल-६३ चा एक जोड मारला. रोख २,८५,००० रुपये गेले, शिवाय माझा चालता जोड एक्स्चेंजमध्ये गेला तो वेगळाच. प्रकरण ग्राहक आयोगात आहे, म्हणून नाव लिहीत नाही. पण पद्धत पूर्ण लिहितो, कारण हाच खेळ दुसऱ्यांशीही खेळला गेलाय.

आधी थोडं स्पीकरबद्दल, नाहीतर थाप कुठे आणि खरं कुठे ते कळणार नाही. क्वाडचे पीटर वॉकर यांनी १९५७ साली इंग्लंडमध्ये कंपनीचा पहिला इलेक्ट्रोस्टॅटिक बाजारात आणला. दुसऱ्याचं काम १९६३ मध्ये सुरू झालं आणि स्पीकर आला १९८१ मध्ये. नावातले ६३ ते हे. यात नेहमीच्या स्पीकरसारखा कागदी शंकू (कोन) नाही, मॅग्नेट नाही. केसापेक्षा कितीतरी पातळ असा प्लास्टिकचा पडदा दोन स्टेटरच्या, म्हणजे भोकं असलेल्या स्थिर पत्र्यांच्या, मध्ये ताणलेला असतो, पडद्यावर ५,००० व्होल्टच्या वर दाब असतो आणि स्टेटरवर संगीताचा सिग्नल. पडदा ओढला-ढकलला जातो आणि आवाज होतो. एका स्पीकरमध्ये अशी चार पॅनेलं, म्हणजे जोडीत आठ. तानपुऱ्याची जवारी, गाणाऱ्याने घेतलेला श्वास, हार्मोनियमच्या पट्टीचा बारीक खटका हे सगळं या स्पीकरवर ज्या मोकळेपणाने येतं ते ऐकल्यावर माणूस वेडा होतो. मीही झालो, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही.

माझ्याकडे त्याआधी मॅग्नेपॅन कंपनीचे १.६ हे स्पीकर होते. तेही चपटे, साडेपाच फूट उंच, पण ते इलेक्ट्रोस्टॅटिक नव्हेत. त्यात पडद्यावर तार चिकटवलेली असते आणि जवळ मॅग्नेटच्या पट्ट्या असतात. भिंतीतल्या विजेची गरज नाही, फक्त अँप (अ‍ॅम्प्लिफायर) दमदार लागतो. ते उत्तम चालत होते. एक्स्चेंजसाठी विक्रेत्याचा माणूस ते बघायला घरी आला, मागे वाकून काहीतरी केलं, आणि गाणं लावल्याबरोबर उजव्या स्पीकरमधून खरखर सुरू झाली. "सर, डिलॅमिनेशन. तारा सुटायला लागल्यात. यांचं आता काही खरं नाही." आता मॅग्नेपॅनच्या जुन्या जोड्यांत गोंद सुटून तारा मोकळ्या होतात हे खरंच आहे, उन्हात ठेवले तर लवकर होतात. म्हणून ते पटण्यासारखं होतं. पण या स्पीकरच्या मागे ट्वीटरचा (बारीक, उंच आवाजाच्या भागाचा) जंपर, म्हणजे जोडणीची छोटी पट्टी, छोट्या स्क्रूंनी आवळलेला असतो, आणि तो स्क्रू सैल केला की अगदी तशीच खरखर येते. माझा जोड त्यांनी भंगाराच्या भावात धरला आणि पंधरवड्याच्या आत 'मिंट कंडिशन, सिंगल ओनर' म्हणून विकायला काढला. फोटोत डाव्या फ्रेमवर माझ्याच घरातल्या टेबलाचा ओरखडा होता. तारा सुटल्या असत्या तर पंधरा दिवसांत मिंट झाले नसते.

आता डेमो. खोलीत एसी बर्फासारखा, शिवाय कोपऱ्यात डिह्युमिडिफायर. स्पीकर आदल्या दिवसापासून प्लगमध्ये. गाणी त्यांची, टॅबलेट त्यांच्या हातात. एक गिटार, एक बाईचा संथ आवाज, आवाज बेताचा. मी पेन ड्राइव्ह नेला होता, त्यावर "आपण नंतर लावू" आणि ते नंतर काही आलंच नाही. सोफ्यामागच्या पडद्याआड सबवूफर, म्हणजे खर्जाचा वेगळा स्पीकर, चालू होता हे मला पुढे कळलं. तिथूनच असाच जोड घेऊन पस्तावलेले नाशिकचे एक गृहस्थ भेटले, त्यांनी तो पाहिला होता. टॅबलेटवरच्या अ‍ॅपमध्ये बॅलन्स एका बाजूला ओढलेला होता, हेही त्यांनीच सांगितलं. एक स्पीकर मंद असेल तर त्याला आतून थोडा जास्त आवाज दिला की दोन्ही सारखे वाटतात. इतकं सोपं.

व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी होतं : आठही पॅनेलं नवी, इएचटी बोर्ड (पडद्याला हजारो व्होल्ट पुरवणारा) नवा, आणि ४५,००० रुपयांचं 'अपग्रेड' केलेलं. अपग्रेड म्हणजे काय, तर नवे कपॅसिटर आणि पॅनेलच्या पुढच्या-मागच्या पातळ प्लास्टिकच्या आवरणांची, म्हणजे डस्ट कव्हरची, हकालपट्टी. "त्याने आवाज मोकळा होतो सर, परदेशात सगळे काढतात." बिलावर मात्र एवढंच : 'वापरलेले ऑडिओ साहित्य, आहे त्या स्थितीत'. वॉरंटी ३ महिने. सौदा फेब्रुवारीतला. वॉरंटी मे महिन्यात संपते आणि पाऊस जूनमध्ये येतो, हा हिशेब त्यांचा आधीच पक्का असणार.

घरी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी मी अब्दुल करीम खाँसाहेबांचं जुनं ध्वनिमुद्रण लावलं. ते मोनो. मोनो मुद्रणात दोन्ही स्पीकरना एकच सिग्नल जातो, म्हणजे गाणारा बरोबर मधोमध बसायला हवा. खाँसाहेब डावीकडे सरकून बसले होते. अँपच्या बॅलन्सचा खुंटा मध्यावर होता. तासाभराने लावलं तरी तेच.

फोन केला. आणि इथून सुरू झाली ती सबबींची मालिका, जिच्यासाठी हा लेख लिहितोय. त्यांची एकही सबब निव्वळ थाप नव्हती. प्रत्येकीत अर्धं खरं होतं आणि तेच अर्धं त्यांनी विकलं.

पहिली : "पॅनेल चार्ज व्हायला वेळ लागतो सर. आठ-दहा दिवस लावून ठेवा." वेळ लागतो हे खरं. पडद्यावरचा लेप मुद्दामच विजेला फार अडवणारा असतो, त्यामुळे बंद ठेवलेला जुना स्पीकर काही तास घेतो, कधी रात्रभर. पण आठ दिवस नाही. आणि मुख्य म्हणजे दोन्ही एकाच वेळी लावले तर दोन्ही साधारण एकाच वेगाने चढतात. एकच मागे राहत असेल तर त्यात गळती आहे, चार्ज येतोय तसा कुठेतरी निसटतोय. हे तपासायची सोपी युक्ती : गाणं हळू चालू ठेवून भिंतीतला प्लग काढा. चांगला इलेक्ट्रोस्टॅटिक प्लग काढल्यावरही बराच वेळ वाजत राहतो, आवाज सावकाश उतरतो. माझा डावा तसाच उतरला. उजवा बघता बघता गेला.

दुसरी सबब : "तुमची खोली." खरं अर्धं असं की हे स्पीकर पुढे जितकं वाजतात तितकंच मागे वाजतात. मागच्या भिंतीपासून मीटरभर तरी पुढे आणावे लागतात, आणि एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला उघडी खिडकी असेल तर फरक पडतो. म्हणून मी डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे नेऊन ठेवला. खोली तीच, वायरी त्याच, अँप तोच. खाँसाहेब उठून उजवीकडे गेले. खोलीचा दोष असता तर ते जागचे हलले नसते. ही अदलाबदल पाच मिनिटांची आहे आणि तिच्यापुढे विक्रेत्याची कुठलीच सबब टिकत नाही. डेमोलाच करून मागा. कोणी 'हलवू नका, पॅनेल नाजूक असतात' म्हणालं तर तिथूनच निघा.

तिसरी : "तुमचा अँप." इलेक्ट्रोस्टॅटिक अँपच्या बाबतीत नखरेल असतात हे कोण नाकारतंय? पण लगेच पुढचं वाक्य होतं, "आमच्याकडे एक आहे, तुम्हाला १,१०,००० ला देतो." तो मी घेतला नाही.

मग पाऊस आला आणि वादच संपला. दमट हवेत चार्ज अजून गळतो, धूळ ओली झाली की वीज वाट शोधते. एका रात्री उजव्यातून 'टिक' आली. मग दोन. दिवे मालवले तेव्हा कापडाआड निळसर ठिणगी दिसली आणि झेरॉक्सच्या दुकानात येतो तसा ओझोनचा वास. ईएसएल-६३ मध्ये यासाठी संरक्षण दिलेलं आहे : आत ठिणगी पडली की सर्किटला ती कळते, ट्रायॅक नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच सिग्नल शॉर्ट करतो आणि आवाज तात्पुरता बंद होतो. माझा आवाज बंद झालाच नाही. ठिणग्या पडत होत्या आणि गाणं चालू होतं.

आकाशवाणीतून निवृत्त झालेले एक काका आहेत, त्यांनी माझ्यासमोर उघडून बघितलं. (स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आत हजारो व्होल्ट थांबलेले असतात. काकांनी आधी बराच वेळ नुसतं थांबवून ठेवलं, मग डिस्चार्ज केलं, मगच हात घातला.) कापडाचा मोजा नवाकोरा, स्टेपलसुद्धा चकचकीत. त्याच्या आत जाळीचा पत्रा. त्याच्या आत डस्ट कव्हर असायला हवं, तिथे फाटक्या कडांचे तुकडे फ्रेमला चिकटलेले. म्हणजे 'आवाज मोकळा' करायला ती काढली नव्हती, फाटली होती म्हणून ओरबाडून टाकली होती. धूळ आणि दमट हवा यांना अडवणारं तेवढंच एक आवरण, आणि ते काढल्याचे माझ्याकडून पैसे घेतले.

आठ नव्या पॅनेलांपैकी सहा मूळची जुनी निघाली. या मॉडेलचं म्हातारपणाचं दुखणं ठरलेलं आहे : गोंद वाळतो आणि स्टेटर प्लास्टिकच्या चौकटीपासून सुटतात. इथे ते हॉट-ग्लूच्या ठिपक्यांनी धरून ठेवले होते. उरलेली दोन कुणीतरी घरगुती पद्धतीने बांधलेली, पडद्यावर पेन्सिलीच्या शिसासारखं ग्रॅफाइट चोळलेलं. ग्रॅफाइट जास्त चोळलं की लेप विजेला हवा तेवढा अडवत नाही. एका जागी ठिणगी पडली की आजूबाजूचा सगळा चार्ज तिथे धावतो आणि पडद्याला भोक पडतं. काकांनी टॉर्च मागून धरला. मला चार भोकं दिसली, प्रत्येकाला तपकिरी कड. 'नवा' इएचटी बोर्ड जुनाच होता, वरून लाल रंग मारलेला. रंगाखाली जुन्या धुळीचे खडे हाताला लागत होते.

आणि ट्रायॅक. त्याची एक तार कापून तिच्यावर काळी टेप गुंडाळलेली. काका म्हणाले, "अहो, हा पहारेकरी होता. त्याचं तोंड बांधलंय." संरक्षण चालू असतं तर डेमोतच ते मध्ये मध्ये आवाज बंद करत राहिलं असतं, आणि गिऱ्हाईक उठून गेलं असतं. गोंद जुना होणं, पडदा सैल पडणं हे वयाचं आहे, त्याबद्दल मी कुणाला बोल लावत नाही. पण ही तार कापणाऱ्याला आत काय चाललंय ते पूर्ण माहीत होतं, आणि घेणाऱ्याच्या घरात ५,००० व्होल्टच्या ठिणग्या पडत राहतील हेही. इथे माझ्या दृष्टीने धंद्यातली लबाडी संपते आणि गुन्हा सुरू होतो.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर : "सर, मुंबईची हवा. आम्ही सांगितलं होतं एसी लावा." मग "वॉरंटी संपली." मग ब्लॉक.

तुम्ही घेणार असाल तर कापड आणि जाळी उघडून पॅनेलं बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. 'नवी पॅनेलं' म्हणत असतील तर कुणी बांधली, कधी बांधली, त्याचं बिल मागा. हे काम मन लावून करणारे लोक जगात आहेत आणि ते कागद देतात. अंधार करून, आवाज थोडा चढवून पाच मिनिटं बसा. आपलं मोनो मुद्रण न्या, आणि तबला असलेलं काहीतरी न्या, कारण डग्ग्याच्या घुमाऱ्यावर सैल पडदा लगेच फडफडतो. अमेरिकेतून आलेला जोड असेल तर तो २३० व्होल्टवर बदललाय का ते बघा. सीरियल नंबरचा फोटो डेमोला काढा आणि घरी आलेल्या मालाशी जुळवा; नाशिकच्या गृहस्थांना दाखवला एक जोड आणि पोचला दुसरा. आणि शक्य असेल तर सौदा पावसाळ्यात करा, एसी बंद करायला सांगून.

तक्रारीचं म्हणाल तर बिलावर 'आहे त्या स्थितीत' लिहिलं म्हणजे विक्रेता सुटला असं नाही. लेखी दिलेलं आश्वासन खोटं निघालं तर तो मुद्दा राहतोच. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मी आधी नोंद केली, मग जिल्हा आयोगात तक्रार दिली. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, आणि मुदत २ वर्षांची असते. व्हॉट्सअ‍ॅपचे संवाद 'एक्स्पोर्ट चॅट' करून मेलवर ठेवलेत, काकांनी उघडतानाचा व्हिडिओ आहे, कापलेल्या तारेचा जवळून फोटो आहे. उजवा स्पीकर आम्ही परत जोडलेला नाही, तो तसाच उघडा पुराव्यासाठी बांधून ठेवलाय. मुंबईतल्या याच दुकानातून कुणी 'आठही पॅनेलं नवी' असा जोड घेतला असेल तर तार जोडलेली आहे का ते जाणकाराकडून आधी बघून घ्या, आणि तोवर प्लग काढून ठेवा.