२८ दिवसांचा वजन घटवण्याचा कार्यक्रम, आठ महिन्यांनंतर

असल्या कार्यक्रमांचे अभिप्राय बहुतेक जण शेवटच्या दिवशी लिहितात. वजन सगळ्यात कमी असतं तेव्हा. मीही २८ व्या दिवशी पाच तारे देऊन मोकळी झाले होते. आठ महिन्यांनी आता त्यातले दोन काढून घेतेय, आणि ते का हे सविस्तर लिहितेय, कारण ‘घेऊ का?’ असं विचारणारे निरोप अजून येतात.

आधी आकडे. वय ४१, उंची १५८ सेंटिमीटर. सुरुवातीला ७६.२ किलो, चौथ्या दिवशी ७४.१, २८ व्या दिवशी ७०.४. कार्यक्रम संपल्यावर पाचच दिवसांत ७२, पाचव्या महिन्यात ७३.८ आणि आज ७३.१. थोडक्यात, घटवलेल्या जवळपास सहा किलोंपैकी तीनेक किलो अजून माझ्याकडे फिरकलेले नाहीत. बाकीचे परत आले.

कार्यक्रम साधा होता. दिवसाला साधारण १००० कॅलरी, त्यात एका वेळचं जेवण म्हणजे पाण्यात कालवायची भुकटी. साखर आणि पिठूळ पदार्थ जवळजवळ बंद, घरच्या घरी १५ मिनिटांचा व्यायाम, रोज सकाळी वजन करून काट्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा.

पहिल्या चार दिवसांत दोन किलो गेले तेव्हा मी हवेत होते. नवऱ्याला उठवून काटा दाखवला. तो झोपेतच म्हणाला, “फरशी बदललीस का?” मला राग आला, पण त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं. काटा फरशीच्या सांध्यावर ठेवला की माझं वजन ४०० ग्रॅमने कमी भरतं, हे मला नंतर कळलं. मग जागा खडूने आखून ठेवली.

दोन किलोंचं खरं कारण मात्र फरशी नव्हती. आपलं शरीर यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण अर्धा किलो ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीतली साखर, साठवतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. पिठूळ खाणं तोडलं की पहिल्यांदा हा साठा वापरला जातो आणि पाणी बाहेर पडतं. हिशोब केला तर दोन किलोच्या आसपासच येतो. चरबीचा हिशोब वेगळा. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. मी रोज ९०० कॅलरी कमी खात होते असं धरलं, तर २८ दिवसांत २५,२०० होतात, म्हणजे सव्वातीन किलो. माझे ५.८ किलो गेले होते. वरचे अडीच किलो पाणी आणि रिकामं पोट, आणि त्यातलं बरंचसं नेहमीचं जेवण सुरू होताच पाच दिवसांत परत आलं. तेव्हा हे माहीत नव्हतं म्हणून मी त्या पाच दिवसांत स्वतःला भरपूर शिव्या घातल्या. कार्यक्रमातल्या कोणी हे आधी एका वाक्यात सांगितलं असतं तर चाललं नसतं का? पण मग जाहिरातीतला ‘पहिल्याच आठवड्यात फरक’ कसा विकायचा!

डोकं दुखायचं, दुपारी चक्कर यायची. मार्गदर्शक मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, “शरीरातलं विष बाहेर पडतंय.” विष काढायला माझं यकृत आणि मूत्रपिंडं आधीपासून कामाला आहेत. पाण्यासोबत मीठ जात होतं आणि मी पुरेसं खात नव्हते, इतकीच गोष्ट. माझ्या डॉक्टरांनी मीठ-पाण्याकडे लक्ष द्यायला सांगितल्यावर दोन दिवसांत बरं वाटलं.

तिसऱ्या महिन्यातला धक्का मोठा होता. कंगव्यात केसांचा पुंजका, न्हाणीघराच्या जाळीवर दुसरा. तोवर कार्यक्रम संपून दोन महिने होत आले होते, त्यामुळे दोन्हींचा संबंध डोक्यातही आला नाही. वजन झपाट्याने उतरलं की दोन-तीन महिन्यांनी असे केस गळू शकतात, आणि बहुधा परत येतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. माझे आले. भांगाजवळ बोटभर उंचीचे उभे केस अजून दिसतात. झटपट घटीने पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, हेही मला तेव्हाच कळलं. माहितीपत्रकात यातलं काहीच नव्हतं.

‘हळूहळू घटवलेलंच टिकतं’ हे मी लहानपणापासून ऐकत आलेय, आणि हा अभिप्राय त्याच सुरात लिहायला बसले होते. पण ऑस्ट्रेलियातला २०१४ चा एक अभ्यास वाचनात आला आणि सूर बदलावा लागला. त्यात २०० जणांपैकी काहींनी १२ आठवड्यांत आणि काहींनी ३६ आठवड्यांत वजन घटवलं. ठरलेलं लक्ष्य गाठणारे झटपट गटातच जास्त निघाले. पुढे जवळपास तीन वर्षं पाहिलं, तर दोन्ही गटांनी घटवलेल्या वजनाचा सुमारे ७१ टक्के भाग परत मिळवला होता. म्हणजे वेगाला दोष देऊन सुटका नाही. वजन उतरवल्यावर भूक वाढवणारी संप्रेरकं वर्षभरानंतरही चढीच राहतात, असंही २०११ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. हे वाचल्यावर पाचव्या महिन्यात रात्री अकरा वाजता मी डबे का उघडत होते ते समजलं. माझ्या आईच्या मते तो निव्वळ हावरटपणा होता. असो.

म्हणून माझी खरी तक्रार वेगाबद्दल नाही. कार्यक्रमाच्या तक्त्यात १ ते २८ अशी २८ पानं होती, रंगीत, प्रत्येक घासाच्या मापासकट. २९ व्या दिवशी सकाळी काय खायचं, यावर एक ओळही नव्हती. २६ व्या दिवशी मात्र निरोप आला: ‘एवढं कमावलंत, आता गमावू नका’, आणि खाली पुढच्या २८ दिवसांच्या पॅकवर सवलत. गिऱ्हाईकाचं वजन परत वाढणं यांच्या धंद्याला मारक नाही, उलट पोषकच आहे. हे माझ्या ध्यानात यायला पाचवा महिना उजाडला, आणि तोवर मी दुसरं पॅक जवळजवळ घेतलंच होतं.

मग तीन तारे कशाचे? त्या चार आठवड्यांत मी आयुष्यात पहिल्यांदा खाणं मोजलं. हाताने वाढताना माझा अंदाज दीडपट चुकतो, हे वजनकाट्याने नाही, स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्याने दाखवलं. प्रत्येक जेवणात प्रथिनं आधी, ही सवय तिथलीच, आणि ती टिकली. कंबर ९७ सेंटिमीटरवरून ९१ वर गेली होती, आज ९३ आहे. वजनापेक्षा हा आकडा मला जास्त बोलका वाटतो. वजनं उचलण्याचा व्यायाम मी सहाव्या महिन्यात सुरू केला. तो पहिल्या दिवसापासून हवा होता, कारण नुसतं कमी खाऊन घटवलेल्या वजनात स्नायूही जातात.

कोणी घ्यावा? ज्यांना सुरुवात करायलाच धक्का लागतो आणि ज्यांनी पुढच्या सहा महिन्यांचं खाणं आधी कागदावर मांडलंय, त्यांनी जरूर. लग्नसमारंभासाठी म्हणून घ्यायचा असेल, फोटोपुरता, तरी हरकत नाही, फक्त घटलेल्यातलं जवळजवळ निम्मं पाणी आहे हे धरून चाला. गरोदर असाल, बाळाला पाजत असाल, खाण्याशी आधीच भांडण असेल, तर नको. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पहिला दिवसही नको. खाणं एकदम कमी झालं की त्याच गोळ्या जास्त होतात.

हे शेवटचं मी नणंदेमुळे लिहितेय. तिने परवा विचारलं, “वहिनी, मी करू का?” साखरेच्या गोळ्या घेते. मी तिला तक्ता दिला, पण आधी डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी गोळ्यांचं प्रमाण बदलून दिलंय आणि दर आठवड्याला साखर तपासायला बोलावलंय. पुढच्या सोमवारपासून ती सुरू करतेय. २९ व्या दिवसापासूनचं खाणं आम्ही दोघींनी काल रात्री तक्त्याच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलं. माझा वजनकाटाही तिने नेलाय. फरशीवरचा खडूचा चौकोन तेवढा उरलाय.